गाव विचारलं तर

चाकणजवळच्या चिखलीच्या कौशल्य केंद्रात जयमालाबाईंच्या हाताखालून गेलेला पोरगा खुर्चीवर बसतानाच ओळखू येतो. पाठ ताठ, पंजे मांडीवर आणि नजर समोरच्याच्या कपाळावर. साहेबाच्या डोळ्यांत बघायची भीती वाटते ना, मग कपाळाकडे बघा, त्याला कळत नाही, ही बाईंची युक्ती. वेल्डिंग, फिटिंग शिकवायला तिथं दुसरे लोक आहेत. बाईंचं काम शेवटचं. पोराला मुलाखतीसाठी तयार करायचं आणि चाकणच्या एखाद्या कंपनीत चिकटवून द्यायचं. आजही त्या कुठल्याही गेटवर गेल्या तरी आतून कुणीतरी "मॅडम, इकडं कुठं?" करत धावत येतो.

पोरं हवी असली की कंपन्यांचे लोक बाईंना फोन करतात. किती हवीत, कधी हवीत हे सांगून झालं की फोन ठेवता ठेवता एक वाक्य ठरलेलं असतं. "आणि मॅडम, लोकल नको हं. तुम्हाला माहीतच आहे."

माहीत होतंच. लोकल पोरगा गावच्या यात्रेला दांडी मारतो, सुपरवायझर जरा बोलला की संध्याकाळपर्यंत अख्खं गाव गेटवर उभं करतो, असं कंपन्यांचं म्हणणं. लातूर-बुलढाण्याचा पोरगा बोलणी खाऊन मुकाट उभा राहतो, कारण त्याच्या पाठीशी उभं राहायला इथं कुणी नसतं. हा नियम कुठं लिहिलेला नाही आणि कुणी मोडतही नाही. बाई आसपासच्या गावांची पोरं आधीच बाजूला काढत. एखादं फारच हुशार निघालं तर त्याला जिन्यात गाठून हळूच सांगत, "गाव विचारलं तर मामाचं सांग."

आणि बाई स्वतः कोण? पक्क्या लोकल. सासऱ्यांची, आबाजी मोऱ्यांची, चाकणच्या अलीकडची जमीन एमआयडीसीत गेली. तिथं आता गिअर बनवणारी कंपनी उभी आहे. आलेल्या पैशातून चिखलीत तीन मजले चढले, खाली भाड्याच्या खोल्या निघाल्या आणि त्या खोल्यांत मराठवाड्याची पोरं राहायला आली. त्यातली बरीचशी बाईंनीच कामाला लावलेली.

मग अजिंक्य, बाईंचा एकुलता एक, मेकॅनिकलचा डिप्लोमा करून घरी बसला.

बसला म्हणजे हौसेनं नाही. बाईंनी आपली ओळख न सांगता त्याला कुठं पाठवायचं बाकी ठेवलं नव्हतं. लेखी परीक्षेत वर, मुलाखतीत बरा, आणि मग कुणाचा फोन नाही. त्याच गिअरच्या कंपनीत खालच्या खोलीतला, लातूरकडच्या औशाचा ओंकार लागला, अजिंक्य राहिला. ओंकारनं पेढे आणले. आबाजींनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "आपल्या खोलीतला पोरगा आपल्या वावरात कामाला, आन् आपला वाघ गच्चीवर पतंग बघतोय. ह्याला म्हणत्यात बरकत."

अजिंक्य जेवता जेवता उठून गेला.

त्या कंपनीतला रविराज हा बाईंचाच जुना विद्यार्थी. बाईंनी त्याला फोन लावला. तो बिचारा गडबडला. "मॅडम, तुमचा मुलगा आहे हे माहीतच नव्हतं. पोरगा एक नंबर. पण साहेबांनी पत्ता बघितला."

"माझी जबाबदारी म्हणून सांग त्यांना."

"सांगितलं असतं हो. पण इतक्या वर्षांत तुम्हीच एकही लोकल पाठवला नाहीत. साहेब म्हणतील, मॅडमना कळतं ते तुला कळत नाही का?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ. बाईंनी फोन ठेवला. पोराचं वय चाललंय. दिवसभर गच्चीवर असतो, धड बोलत नाही. त्याची आंघोळ लांबली तरी बाई उगाच काहीतरी विचारत दाराशी जाऊन उभ्या राहायच्या. त्याचा आवाज आला की मगच स्वयंपाकघरात परतायच्या.

राज्यभरातल्या प्रशिक्षण केंद्रांत शिकवणाऱ्यांचा आणि पोरांना नोकरीला लावणाऱ्यांचा एक महासंघ आहे. बाई त्याच्या जिल्हा समितीवर. दरवर्षी अधिवेशन भरतं, पगार वेळेवर करा, कंत्राटी लोकांना कायम करा असे ठराव होतात, जेवणं होतात आणि सगळे आपापल्या एसटीनं घरी जातात. या वर्षी अधिवेशन पुनावळ्यात होतं. बाईंनी ठराव दिला: केवळ स्थानिक म्हणून उमेदवार नाकारणाऱ्या कंपनीला महासंघाच्या कोणत्याही सभासदानं पोरं पाठवू नयेत. केंद्रातल्या तरुण भाग्यश्रीनं अनुमोदन दिलं. ती खूश होऊन म्हणाली, "मॅडम, कुणीतरी बोलायलाच हवं होतं."

दोन दिवसांनी महासंघाचे अध्यक्ष हिंदुराव केंद्रावर आले. माणूस मोठा गोड. खुर्ची ओढून बसले, चहा मागवला.

"ताई, ठराव वाचला. काळजाला भिडला अगदी."

"मग येऊ द्या पहिल्या सत्रात."

"येईल की. पण मंडप कुणाचा, जेवण कुणाचं, पिशव्या कुणाच्या? कंपन्यांच्याच ना? पाहुण्याला जेवायला बोलवायचं आणि ताटावर बसला की कान धरायचा, असं झालं हे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "चिरंजीवांचं कळलं मला. त्या गिअरवाल्या कंपनीचे साहेब आपल्या बैठकीतले आहेत. पत्ता तेवढा बाहेरचा करून घ्या. बाकी माझ्यावर सोडा."

"आणि ठराव?"

"मी कुठं अडवतोय? तुम्ही मांडा ना."

बाईंनी मनाशी दोन्ही करायचं ठरवलं. ठरावही मांडायचा आणि पोरालाही मार्गी लावायचं. अजिंक्यचा पत्ता औशाला दिलेल्या बहिणीच्या घरचा करून घेतला. आडनाव मोरे, राज्यभर कुठंही खपणारं, तेवढं एक नशीब. ओंकार रोज त्याला औशाची वाट, बाजारचा वार, किल्ला कुठं आणि स्टँड कुठं हे पाठ करून घेई. "आन् इथलं व्हय-हाय तोंडातून निघालं की मेलास बघ, भावा," असं बजावून हसे. बाई मात्र हसत नसत. समोर खुर्चीवर बसून साहेब होत आणि पुन्हा विचारत, "गाव?"

अधिवेशनाच्या दिवशी मंडप खचाखच भरलेला होता, पुढं कंपन्यांचे साहेब आणि मागं बाईंनी सोबत आणलेला अजिंक्य. कायमपणाचा ठराव टाळ्यांत मंजूर झाला. पुढचा बाईंचा. त्यांनी कागद हातात घेतला, तेवढ्यात फोन वाजला. रविराज होता. "मॅडम, अजिंक्यला घेऊन पार्किंगमध्ये या. साहेब निघालेत, आत्ताच बघतो म्हणतायत."

बाईंनी व्यासपीठाकडे पाहिलं. हिंदुराव पाणी पीत होते. त्यांनी पेला खाली ठेवला आणि अगदी मायेनं मान हलवली. जा, ताई, जा.

शेजारच्या भाग्यश्रीला बाई म्हणाल्या, "आलेच हं."

गाडीची काच खाली होती. साहेबांनी अजिंक्यला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मंडपाबाहेरच्या कर्ण्यातून हिंदुरावांचा आवाज आला, "यानंतरचा ठराव मांडतील जयमालाताई मोरे. ताई मंडपात आहेत का?"

"कुठला रे तू?" साहेबांनी विचारलं.

अजिंक्यनं एकदा आईकडे बघितलं.

"औसा, सर. जिल्हा लातूर." पाठ ताठ. नजर साहेबांच्या कपाळावर.

"सूचक हजर नसल्यामुळे," कर्णा म्हणाला, "ठराव वगळण्यात येत आहे."

साहेब हसले. त्यांना सगळं ठाऊक होतं. फाइलवर लातूर असलं की झालं. "सोमवारी ये," म्हणाले आणि काच वर गेली.

बाई परत आल्या तेव्हा भाग्यश्रीनं त्यांच्या खुर्चीवरची आपली पर्स उचलली. "जागा धरून ठेवली होती मॅडम. मी एकटी उभी राहिले, पण अनुमोदकाला मांडता येत नाही म्हणाले." जेवायला ती दुसऱ्या रांगेत बसली.

सोमवारी अजिंक्य पहिली शिफ्ट करून आला. आबाजी दारातच वाट बघत बसले होते.

"काय रं, आपली इहीर कुठंशी येती आता?"

"कँटीनच्या मागं असंल, आबा. विचारता येत न्हाई ना. मी तिथं लातूरचा हाय."

आबाजी म्हणाले, "लातूरचा व्हय? मंग खोलीचं भाडं कवा देणार?"

खालच्या खोलीतला ओंकार खदखदून हसला. अजिंक्यही ओशाळून हसला. आतून भाकरी थापण्याचा आवाज थांबला.

"हाय नाही, अजिंक्य. आहे म्हण," जयमालाबाई म्हणाल्या. "घरातसुद्धा."