माझ्यासमोर हसायचं नाही

बायपास होऊन मी घरी आलो, त्याच संध्याकाळी माझ्या बायकोनं ओट्यावर उभं राहून सगळ्या आळीला बजावलं, की यांच्यासमोर कुणी हसायचं नाही आणि यांना हसवायचं तर मुळीच नाही. हॉस्पिटलात माझ्या शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांना त्यांच्या साडूनं फोनवर काहीतरी चावट ऐकवलं होतं. छातीचं हाड कापून तारेनं बांधलेलं, त्यामुळे ते गृहस्थ हसता हसता कळवळून रडायला लागले. हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं आणि तेव्हापासून धसकाच घेतला होता.

आमचं गाव पवनानगरजवळ. आमची माणसं सांगितलेलं ऐकत नाहीत अशी सगळ्यांची तक्रार असते. हे मात्र त्यांनी ऐकलं, आणि असं ऐकलं की मी आजारी कमी आणि मयत जास्त वाटायला लागलो.

पण आधी ऑपरेशनपर्यंत कसा पोचलो ते सांगतो.

आमचा गुलाबाचा धंदा. मी आणि माझा धाकटा भाऊ, दोघांची मिळून पॉलिहाऊस आहेत. थंडी सुरू झाली तशी पॉलिहाऊसमधून घराकडे चढ चढताना माझी छाती आवळायला लागली. मी ते पित्त ठरवलं. आत काम करतानाही दम लागायचा, म्हणून मी एखाद्या झाडापाशी थांबायचो, फूल हातात धरायचो आणि निरखत असल्यासारखं करायचो. असे काही दिवस गेल्यावर भाऊ म्हणाला, “दादा, येवढी वर्सं तू फुलाकडं कदी बघितलं न्हाईस. आता दर वळीला थांबून काय बघतुयास?”

मी हातातलं फूल सोडलं, आणि त्याला ते पुरलं. दुसऱ्या दिवशी त्यानं मला गाडीत घालून पुण्याला नेलं. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी पडद्यावर माझ्या रक्तवाहिन्या दाखवल्या. तीन ठिकाणी त्या पाइपात शेवाळ धरावं तशा अडल्या होत्या. ऑपरेशन लवकर करायला हवं, ते म्हणाले.

मी विचारलं, “डॉक्टर, चौदा फेब्रुवारीनंतर केलं तर चालेल का?”

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मग शेजारी बसलेल्या माझ्या बायकोकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, “का? कुणाला भेटायचंय का?”

“न्हाई हो,” बायको म्हणाली. “आमचे गुलाब असत्यात.”

गुलाबवाल्यांचं अख्खं वर्ष त्या एका दिवसावर उभं असतं. जानेवारीच्या शेवटापासून तोडणी चालते, दिवसातून दोनदा, आणि त्या दिवसांत आमच्याकडे कुणाला ताप यायचीही सोय नसते. डॉक्टरांनी थांबायला नकार दिला, म्हणजे नेमका तेव्हाच मी खाटेवर पडणार होतो. याची जी बोचणी मला लागली ती ऑपरेशनच्या भीतीपेक्षा मोठी होती. हा माझा स्वभावच आहे. पाऊस लांबला तरी मला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं असणार.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी एका माणसानं येऊन माझ्या गळ्यापासून घोट्यापर्यंतचा एकेक केस काढला. तो गेल्यावर बायको आत आली आणि पाहतच राहिली. म्हणाली, “हळद लागली तवाबी येवढे उजळला न्हवता.” आम्ही दोघंही खूप हसलो. तेव्हा हसायला बंदी नव्हती.

त्याच दिवशी व्यायाम शिकवणारी एक मुलगी आली. तिनं मला श्वास ओढून तीन चेंडू वर उचलायचं एक प्लास्टिकचं खेळणं दिलं आणि ऑपरेशननंतर उशी छातीशी आवळून कसं खोकायचं ते दाखवलं. “काका, दुखणार. पण हाड उघडणार नाही, तार पक्की असते. घाबरून खोकला दाबला की कफ खाली साचतो, फुप्फुस मिटतं आणि मग परत यावं लागतं.” मी शहाण्या मुलासारखी मान हलवली. सगळं समजलं होतं मला.

समजणं निराळं. ऑपरेशननंतर पहिला खरा खोकला आला तेव्हा छातीत कुणीतरी पहार घालून फट वाढवतंय असं वाटलं. मी डोळे मिटून ठरवलं, की हे पुन्हा नाही. मग मी माझा एक खोकला तयार केला. गळ्यातल्या गळ्यात, ‘ख्यँ’ असा. त्यानं छातीतलं काही हलायचं नाही, पण कानाला बरा वाटायचा. नर्स विचारायची, खोकलात का? मी ‘ख्यँ’ करून दाखवायचो. घरी आल्यावर बायको विचारायची आणि मी तेच करायचो. ती पॉलिहाऊसमधून यायची, हाताला काट्यांचे ओरखडे, माझी अळणी भाजी वेगळी रांधायची, आणि मी तिला घशातून खोटं बोलायचो. उशी मात्र दिवसभर पोटाशी धरून बसायचो, म्हणजे मेहनत दिसावी.

भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली होती. आमच्याकडे आजारी माणसाला बघायला न जाणं म्हणजे भांडण असल्याची कबुली, त्यामुळे कुणी चुकत नव्हतं. पण हसायचं नाही, मग बोलायचं काय? सुखाच्या बातमीत कुठे विनोद निघेल सांगता येत नाही. म्हणून सगळ्यांनी आपोआप दुःखाचा रस्ता धरला. माझा मेहुणा कुसगावात खानावळ चालवतो आणि पर्यटकांना जेवणापेक्षा गप्पाच जास्त वाढतो. तोसुद्धा माझ्यासमोर पंख्याकडे बघत बसायचा आणि मधूनच म्हणायचा, “चालायचंच, दाजी.”

सगळ्यात मनावर घेतलं माझ्या चुलतीनं. काकी शेजारच्याच घरात राहते. ती रोज दुपारी यायची, भिंतीला टेकून बसायची आणि पदर सावरून कुणीतरी गेल्याची बातमी सांगायची. गावातलं, पाहुण्यातलं, पाहुण्यांच्या पाहुण्यातलं. एकदाच तिचा विषय बदलला. माझ्या पायावरची टाक्यांची लांब ओळ तिच्या नजरेस पडली.

“आरं, काळीज छातीत असतंया न्हवं? मंग पाय कशापाई फाडला?”

“पायातली शीर काढून हृदयाला लावलीय, काकी.”

ती विचारात पडली. “मंग आता धाप लागली तर छाती दुखंल का पाय?”

मेहुण्यानं खांद्यावरचा टॉवेल तोंडात कोंबला आणि तो अंगणात पळाला. मी ओठ चावून छताकडे बघत राहिलो. बायकोनं काकीला डोळ्यांनी दटावलं. तेव्हापासून काकी पुन्हा आपली मयतांवर आली.

तपासणीला पुण्याला गेलो तेव्हा जानेवारी संपत आला होता. डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे फोटो दिव्यासमोर धरला आणि डाव्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे काळं दिसायला हवं होतं, पांढरं दिसत होतं.

“तुम्ही खोकत नाही आहात,” ते म्हणाले.

“खोकत्यात की,” बायको म्हणाली. “दिवसभर खोकत्यात.”

“खोकून दाखवा.”

मी उशी धरली आणि ‘ख्यँ’ केलं.

डॉक्टरांनी फोटो टेबलावर ठेवला. मग म्हणाले, “हे तर सासऱ्यानं घरात शिरताना सुनेला कळावं म्हणून खाकरल्यासारखं झालं.” हसले, आणि लगेच गंभीर झाले. थोडे दिवस बघू, तेवढ्यात कफ सुटला नाही तर दाखल व्हावं लागेल, ते म्हणाले.

दाखल म्हणजे बायको पुण्यात, माझ्या उशाशी. आणि भाऊ एकटा, नेमका ऐन तोडणीत. हे सगळं कशामुळे, तर मला दुखतं म्हणून. मी जमिनीकडे बघत बाहेर आलो. गाडीत बायको कामशेत येईपर्यंत पिशवीतली औषधं उलटसुलट करत बसली. मग खिडकीबाहेर बघतच म्हणाली, “भ्या वाटतं म्हणून सांगितलं असतं तर काय झालं असतं? मी काय तुमची मास्तरीण हाय?”

“तुला आणखी कशाला...” मी सुरुवात केली.

“ऱ्हाऊ द्या. डॉक्टरला इचारलंय मी. पोट भरून हसलं तरी चालतंय. हसलं की श्वास खोल जातो आन खोकला आपसूक येतो.”

अशा रीतीनं तिनं स्वतःच घातलेली बंदी कामशेतच्या पुलावर उठवली, आणि घरी पोचल्यावर नवा हुकूम काढला. यांना हसवा.

आता माणसांची पंचाईत झाली. मेहुणा दुसऱ्याच दिवशी आला. मी उशी छातीशी धरून, इंजेक्शनला बसावं तसा ताठ बसलो. त्यानं खानावळीतले सगळे किस्से काढले. पिठलं म्हणजे सूप समजून चमच्यानं प्यायलेल्या जोडप्याचा किस्सा काढला. मी म्हणालो, “छान आहे.”

“दाजी, ह्या गोष्टीला लोक ताटात पडत्यात!”

“मला हसू येतंय, पण वर येत नाही रे.”

भावानं व्यापाऱ्याची नक्कल केली, हात पुसत पुसत, कारण त्याला परत तोडणीवर जायचं होतं. मला त्याच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं तेवढी दिसली. मेहुण्यानं मोबाइलवर काय काय दाखवलं. शेवटी तो रागावला. म्हणाला, “ह्यो माणूस आदी असा न्हवता. डॉक्टरनं शीर जोडताना कायतरी उलटं जोडलंय.” दोन दिवस असेच गेले. खरोखर खोकायचा प्रयत्नही मी केला, देवाशप्पथ केला. श्वास अर्ध्यावर आला की छातीच मला थांबवायची.

तिसऱ्या दुपारी मी, बायको आणि मेहुणा असे तिघंच बसलो होतो. बायकोनं हॉस्पिटलची पिशवी दाराशी भरून ठेवली होती आणि आम्ही तिघंही तिच्याकडे बघायचं टाळत होतो. एवढ्यात काकी आली. ती मधले दिवस लेकीकडे कान्ह्याला गेली होती, त्यामुळे नवा हुकूम तिला ठाऊकच नव्हता. ती धापा टाकत आली, भिंतीला टेकली, घाम पुसला. तिचा चेहरा पडलेला होता.

“उशीर झाला रं बाळा,” ती म्हणाली. “काय करू? आज कुनी मेलंच न्हाई.”

आम्ही तिच्याकडे बघत राहिलो.

“लेकीकडं इचारलं. तितंबी समदी धडधाकट. येताना खालच्या आळीला गेले. त्या थोरल्या घरच्या म्हाताऱ्यावर लय आशा हुती मला. पर त्योबी सकाळी उटून चा प्याला. आन वर मलाच इचारतुया, म्हातारे, तू कशी हायेस!”

मी थांबवायला गेलो, पण ते माझ्या हातात नव्हतं. हसू पोटातून उठलं आणि छातीच्या तारेपर्यंत पोचलं. ‘आई गं’ म्हणत मी उशी आवळली. बायकोनं पटकन मागून पाठीवर तळवा टेकवला. मी पुन्हा हसलो, आणि त्या हसण्याच्या शेवटी खोकला आला. गळ्यातला नव्हे. तळातला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. आणि मोरीत अडकलेला बोळा सुटून पाणी एकदम वाहून जावं, तसं आत काहीतरी सुटलं.

काकी घाबरून उभी राहिली. तिनं दोन्ही हात डोक्याला लावले. “आरं द्येवा! कुनी न्हाई कुनी न्हाई म्हणाले, तर ह्योच निगाला!”

त्यावर मेहुणा जमिनीवर आडवा झाला. बायको एका हातानं माझी पाठ दाबत होती, दुसऱ्या हातात तिनं वाडगं धरलं होतं, आणि तीही हसत होती, डोळ्यांतून पाणी वाहत असताना. मी हसत होतो, खोकत होतो, दुखत होतं, आणि तार जिथल्या तिथे होती. एवढं सगळं होऊन हाड उघडलं नाही. ती मुलगी मला खरंच सांगत होती.

आरडाओरडा ऐकून भाऊ पॉलिहाऊसमधून कात्रीसकट धावत आला. दारात थबकला. बायको वाडगं घेऊन उजेडात उभी होती आणि त्यात निरखून बघत होती.

“काय झालं?”

“निगाला,” ती म्हणाली.

“दाव की.”

सगळे वाडग्यावर वाकले. माझ्या कफाकडे इतक्या कौतुकानं कुणी बघेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मेहुणा म्हणाला, “बारसं कदी करायचं, ताई?” काकीला अजून काही उमगलं नव्हतं. मी तिचा हात धरून म्हणालो, “काकी, तुझ्यामुळं झालं बघ हे.” ती रडायलाच लागली. तिला वाटलं मी दोष देतोय. मग बायकोनं तिला सगळं समजावलं. तेव्हा ती डोळे पुसून जरा ताठ बसली आणि म्हणाली, “मंग आदी न्हाई का सांगायचं? गावात हसन्यासारखं लय हाय.” आणि तिनं जे सांगायला सुरुवात केली ते मला इथे लिहिता येणार नाही.

त्या दिवसानंतर मी दिवसातून कितीतरी वेळा खोकलो. दुखायचंच, पण आता दुखण्याची ओळख झाली होती. पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी फोटो दिव्यावर धरला आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं. काळा होता. दाखल व्हायचं नव्हतं. बायकोनं तिथेच डॉक्टरांना विचारलं, “बसून करायचं हलकं काम चालंल का?”

शेवटचा माल निघायचा त्या दिवशी त्यांनी मला शेडमध्ये एका खुर्चीवर बसवलं. उचलायचं काही नव्हतं. बाया प्रतवारी लावून फुलं पुढे सरकवत होत्या आणि मी त्यांच्या देठांना रबर लावत होतो. भाऊ खोके बंद करत होता, बायको कुणावर तरी ओरडत होती, बाहेर टेम्पोवाला घाई करत होता. एका जुडीला रबर लावताना मला खोकला आला. मी उशी आवळली आणि चांगला तळापासून खोकलो. एकाही माणसानं मान वर करून पाहिलं नाही.

“दादा,” भाऊ खोक्यावरनंच म्हणाला, “हात चालव.”

मी हात चालवला.