भागीरथाची कोंबडी एकटीच गेली

आमच्या टेकडीखालच्या टेसनातून निघालेली लहान गाडी चढावर इतकी हळू चाले, का शेजारीण भागीरथा उतरून झाडाखाली पडलेली गोड टेंभरं वेचे अन् पुन्हा चढे. मोठी लाइन आली, गाडी जोरात धावू लागली, पण तिची सवय गेली नाही.

परवा बाळंतीण लेकीच्या रश्श्यासाठी टोपल्यात कोंबडी घेऊन ती तिच्या गावाले, सौंदडले निघाली. चढावर सिग्नलापाशी गाडी थांबली, तशी टेंभरं वेचाले उतरली. गाडी कोंबडी घेऊन गेली.

"लेकीले आता काय टेंभराचा रस्सा देऊ?" म्हणत ती टेसनावर येऊन बसली.

सांजेच्या परतीच्या गाडीतून गार्डानं टोपलं खाली दिलं. म्हणाला, "बाई, एक सवारी गेली होती, दोन आल्या."

कोंबडीखाली अंडं होतं.

भागीरथा म्हणे, "लेकीले अंडंच नेतो. एकटी जाऊन वापस आली, तिले कापू कशी?"