साडभाऊंचं रिकामं मडकं

साप शोधण्यात ज्याने उभी हयात घालवली आणि ज्याला एकदाही साप सापडला नाही, असा माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच झाला, आणि नेमका तो साडू म्हणून माझ्या वाट्याला आला. आमच्याकडे सापांची काय वानवा होती हो? कडब्याच्या गंजीत निघत, न्हाणीत निघत. एकदा तर अमरावतीच्या आमच्या शाळेत नकाशांच्या पेटीतून निघाला आणि नागपूरहून तपासणीला आलेले साहेब बुटांसकट टेबलावर चढले. ज्यांना नको असतो त्यांना साप हटकून भेटतो. आमचे साडभाऊ, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, मात्र उन्हाळाभर पूर्णेचा काठ पिंजून काढत आणि हात हलवत परत येत.

अकोल्याला ते सरकी काढायच्या एका जिनात, म्हणजे कापसाच्या गिरणीत, कारकून होते. कापसाचा हंगाम सरला, जिनाची चाकं थांबली, की ते नदीकाठच्या आमच्या सासुरवाडीला येत. मीही सुट्टी लागली की मूर्तिजापूरला उतरून, पुढे बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घेत तिथेच पोहोचे. मी पाणी पिऊन टेकतो न टेकतो, तोच हे तयार. पायात कुण्या साहेबाने टाकून दिलेले, मापाहून मोठे बूट, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, त्याची एक काडी सुतळीने बांधलेली. हातात दुबेळक्याची काठी आणि काखेत साप ठेवायचं मडकं. आक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, त्या मडक्याला घरात कधी थारा दिला नाही. त्यात साप कधी गेलाच नव्हता, पण गावच्या विहिरी खारट असूनही नदीच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यातलं गोड पाणी त्यातून आणलं, तर आक्का ते अंगणात ओतून देत.

बरं, शोधायची रीत तरी धड असावी! बूट खाड खाड वाजत, काठी दर पावलाला जमिनीवर आपटे, आणि करंजाचं झाड जवळ आलं की यांना हमखास खोकला येई. मी मास्तर माणूस, मला राहवेना. म्हटलं, अशाने साप कोसभर पळून जाईल. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "मास्तर, कोनाच्या घरी असं चोरावानी जाऊ नये."

साप हवा तरी कशाला, हेही मला कधी कळलं नाही. सासऱ्यांना त्यांनी सांगितलं होतं, जिनाच्या साहेबाला कातडं पाहिजे. सासूबाईंना सांगितलं, नवस आहे. मला सांगितलं, एका वैद्याला औषधासाठी हवा. एकदा पंगतीत आम्ही तिघंही होतो आणि विषय निघाला. तिघांनी तीन कारणं सांगितली आणि एकमेकांकडे बघत बसलो. साडभाऊंनी आणखी कढी मागितली.

एका उन्हाळ्यात मात्र प्रकरण पेटलं. नदीच्या वाळूत सुखदेव माळ्याची टरबुजाची वाडी होती. दरडीला लागूनच पऱ्हाट्यांची, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांची, झोपडी, आत बायको आणि झोळीतलं लेकरू. त्या दरडीत, करंजाच्या मुळाशी, नाग दिसला. लेकरू झोळीत असताना कुणाचा जीव थाऱ्यावर राहील? सुखदेवने ठरवलं, दरडीवरचं गवत पेटवायचं, बीळ खणायचं आणि नाग ठेचायचा. गाव काठ्या घेऊन जमलं. साडभाऊ मध्ये पडले आणि म्हणाले, आधी मी शोधतो. लोकांनी तोंड फिरवून हसून घेतलं, पण गावच्या जावयाला नाही म्हणायची तिथे सोय नव्हती. सगळे लांब जाऊन उभे राहिले, आणि मीही जावईच असल्यामुळे मला पुढे जावं लागलं.

नाग होता. करंजाच्या मुळापाशी फणा काढून बसला होता, साडभाऊंच्या बुटापासून हातभरावर. मी दोन पावलं मागे सरलो. साडभाऊंचा चष्मा थेट त्याच्यावर रोखलेला. ते खोकले, काठी आपटली, आणि नाग सरसरत बिळात गेला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काई दिसलं का तुमाले? मले त काईच नाही दिसलं."

मी तोंड उघडायच्या आत त्यांनी सुखदेवला जाऊन सांगितलं, की साप-बीप काही नाही, पण ही जागा वाईट आहे, इथे लेकराला लागीर होईल, झोपडी पलीकडच्या वाळूत हलव. सुखदेव चिडला, पुटपुटला, पण जावयाचा शब्द! पऱ्हाट्यांचे भारे साडभाऊंनी स्वतः वाहिले. त्या उन्हाळ्यात ना लेकराला काही झालं, ना नागाला.

परतताना मी स्पष्टच विचारलं, तुम्हाला तो दिसला होता की नाही? धोतराच्या सोग्याने चष्मा पुसत ते म्हणाले, "एका भिंगाले तडा हाये, मास्तर." दुसऱ्या सकाळी त्यांनी माझ्या हातातलं वर्तमानपत्र समोरच्या ओट्यावरून वाचलं, आणि लगेच चहात मीठ घालून तो मुकाट्याने पिऊन टाकला. मी कपाळाला हात लावला.

पुढे त्यांची दृष्टी खरंच गेली. आक्काही गेल्या. एका मे महिन्यात मी भेटीला गेलो, तर म्हणाले, नदीवर न्या. त्यांचा हात धरून, मडकं माझ्या काखेत घेऊन मी काठाकाठाने निघालो. करंजापाशी आलो आणि जागच्या जागी थिजलो. मुळांवर एक नाग ऊन खात पडला होता. तोच की दुसरा, देव जाणे. खालच्या वाडीतल्या माणसाने मला थांबलेलं पाहिलं आणि काठी उचलून विचारलं, "काय हाये तिथं, जावईबुवा?"

मी खोकलो. पाय जोरात आपटला. वळवळत शेपूट मुळांत दिसेनासं झाल्यावर ओरडून सांगितलं, की काही नाही, आम्ही आपले पाय मोकळे करतोय. त्याने काठी खाली ठेवली.

साडभाऊंनी माझा हात घट्ट दाबला आणि हळूच विचारलं, "गेला का?"

"गेला," मी म्हटलं. इतकी वर्षं या माणसाशी मी वाद घालत होतो.

मग आम्ही खाली वाळूत उतरलो, झिऱ्याचं गोड पाणी त्या मडक्यात भरलं आणि दोघंही पोटभर प्यालो.