पंचावन्नाव्या मजल्यावरची पश्चिम

माझ्या हातून जे घडले ते मी कुणालाही सांगायचे नाही असे ठरवले होते. ज्यांनी ते प्रत्यक्ष पाहिले ते बहुतेक डोंबिवलीचे, तेव्हा दादरमध्ये मी निर्धास्त होतो. पण परवा भाजी घेताना एका अनोळखी गृहस्थाने मला पाहून बायकोला कोपराने ढोसले आणि म्हटले, "अगं, हे बघ, तेच ते पश्चिमवाले!" आता हे दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावून तुमच्या कानावर येण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐका. घ्या, चहा निवतोय.

मी लोकसाहित्याचा अभ्यासक. गिरणगावातल्या बायकांची गाणी गोळा करण्यात माझी पस्तीस वर्षे गेली आहेत. लालबागला करी रोडच्या अंगाला एक जुनी चाळ आहे. तिथल्या भागीरथीमामींकडून मी लग्नाची, बारशाची, जात्यावरची अशी पुष्कळ गाणी ध्वनिमुद्रित करून घेतली. मामी मूळच्या मालवणकडच्या, वय ऐंशीच्या पुढे, नवरा गिरणीत होता. त्यांचे एकच गाणे माझ्या संग्रहात नव्हते. नांदते घर कायमचे सोडताना बाईने त्या घराला निरोप देण्याचे गाणे. माझ्या माहितीप्रमाणे ते येणाऱ्या त्या शेवटच्या. आणि त्यांची चाळ आठ दिवसांत रिकामी होऊन पाडली जाणार होती. मामी मुलाकडे नालासोपाऱ्याला निघाल्या होत्या.

"मामी, निदान शब्द तरी सांगा," मी म्हणालो.

"शब्द म्हणजे काय कोथमिरीची जुडी, काढून हातात देवची? ता गाणा घाटीर गेल्याबिगर म्हणूचा नाय."

ही अट समजून घ्या, कारण पुढचे सगळे तिच्यावरच उभे आहे. मामींच्या गावी घर सोडून निघालेली बाई घाटी चढते, म्हणजे गावाबाहेरची चढण. जिथून आपल्या घराची कौले शेवटची दिसतात, तिथे ती मागे वळून उभी राहते आणि तेवढे एकदाच ते गाणे म्हणते. घरात बसून म्हणायचे नाही, घर नजरेआड झाल्यावर तर नाहीच.

"आणि हय लालबागात घाटी खय आसा?" मामी म्हणाल्या. "गल्लीतून मान वर केली तर माझा घर दिसत नाय, दुसऱ्यांचे कपडे दिसतत."

इथे माझ्या अभ्यासू डोक्यात वीज चमकली. लोकरूढीमध्ये वस्तूपेक्षा तिचे कार्य महत्त्वाचे, हे मी विद्यार्थ्यांना अनेक वर्षे शिकवत आलो. घाटीचे कार्य काय? उंचीवरून घर दाखवणे. मग परळला ज्या नव्या टॉवरच्या पंचावन्नाव्या मजल्यावर तिकीट काढून मुंबई पाहता येते, ती शास्त्रोक्त घाटीच नव्हे काय? कल्पना मला इतकी आवडली की त्या रात्री मी निबंधाचे शीर्षकसुद्धा लिहून ठेवले.

मामींनी फक्त एकच प्रश्न विचारला. "मास्तरांनू, माझा घर तुमका थयसून वळखता येतला मां?"

"मामी, पस्तीस वर्षे हा भाग पायाखाली घातला आहे मी!"

हे वाक्य लक्षात ठेवू नका अशी विनंती आहे.

रविवारी संध्याकाळी सव्वापाचचा स्लॉट घेतला. जानेवारीचे दिवस, सगळीकडे धुरके. मामी ठेवणीतले हिरवे लुगडे नेसून आल्या होत्या. लिफ्टमध्ये त्यांच्या कानांना दडे बसले. घराला भेटायला निघालेल्या माणसाचे गांभीर्य त्यांच्या चेहऱ्यावर होते.

वर इमारतीच्या दोन विरुद्ध अंगांना दोन काचबंद गॅलऱ्या, मध्ये भिंती. एका गॅलरीतून दुसरीकडचे काही दिसत नाही. आता पश्चिम कोणती? मामींची चाळ टॉवरच्या पश्चिमेला, म्हणून हे ठरवणे आवश्यक. मी शुद्ध तर्काने ठरवले. खाली लिफ्टमध्ये शिरताना माझे तोंड पूर्वेकडे होते. म्हणजे बाहेर पडताना ते पश्चिमेकडे असणार. म्हणजे समोरची गॅलरी पश्चिमेची. त्या लिफ्टला दोन दारे होती, एक पुढे आणि एक मागे, आणि वर आम्ही मागच्या दाराने बाहेर पडलो, ही गोष्ट तर्कात बसली नाही, कारण ती मी पाहिलीच नव्हती.

दिशा दाखवणारी पाटी नव्हती का, असे तुम्ही विचाराल. होती की! तिच्यावर मी माझी पिशवी टेकवून ठेवली होती.

काचेपलीकडे समुद्र होता. आता मुंबईत समुद्र दोन्हीकडे आहे हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. पण समुद्र दिसला की मुंबईकर त्याला पश्चिम म्हणतो. समुद्रावरून एक लांबच लांब पूल धुरक्यात गेला होता.

"हा वरळीचा पूल," मी मामींना म्हणालो. शेजारी डोंबिवलीहून आलेले एक गृहस्थ बायकोबरोबर उभे होते. त्यांनी कान टवकारले.

"सर, वरळीच्या पुलाला ते उंच खांब असतात ना? दोऱ्यावाले?"

"धुरके आहे," मी म्हणालो.

"आणि त्या गोल गोल पांढऱ्या टाक्या? तेलाच्या वाटतात, शिवडीसारख्या."

"पाण्याच्या. उपनगरांना पुरवठा तिथूनच होतो."

"अच्छा!" गृहस्थांनी फोटो काढला आणि बायकोला म्हणाले, "लिही, वरळी. पाण्याच्या टाक्या."

माणसाला ऐकणारे मिळाले की त्याचे काय होते, हे मी वेगळे सांगायला नको. दहा मिनिटांत माझ्याभोवती वीसेक माणसे गोळा झाली. गोदीतल्या क्रेन मी किनारी रस्त्याच्या कामावर जमा केल्या. खाडीचा चिखल महालक्ष्मीचे मैदान झाला. एक बाई म्हणाल्या, "सर, तुम्ही किती छान सांगता! आमच्याकडच्या गाइडला काहीच माहीत नव्हतं." मी विनयाने मान लवून पुढचा भाग सांगायला घेतला.

मामींनी माझी बाही ओढली. "मास्तरांनू, माझा घर?"

"ते पाहा, रेल्वेच्या अलीकडे, छपरावर निळी ताडपत्री."

मामींनी बराच वेळ पाहिले. "गाड्यो इतक्यो कमी कशे?"

"रविवार आहे, मामी."

"आणि माझ्या छपरार पिंपळ आसा. तो खय?"

"तोडला असेल. पाडापाडीची तयारी."

मामींचा चेहरा पडला. पिंपळ तोडला हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. साहजिकच, कारण तो कुणी तोडलाच नव्हता. पण त्यांनी पदर डोक्यावर घेतला, काचेच्या अगदी जवळ गेल्या, आणि मला खूण केली. मी ध्वनिमुद्रणाचे यंत्र सुरू केले.

मामींनी ते गाणे म्हटले. सहा कडवी. आवाज थकलेला, पण सूर जराही हलला नाही. गॅलरीतल्या माणसांनी फोन खाली केले. डोंबिवलीच्या बाईंनी डोळे पुसले. माझेही डोळे भरून आले, आणि खोटे कशाला बोलू, त्यातले निम्मे पाणी निबंधाच्या आनंदाचे होते.

शेवटचे कडवे संपते न संपते तोच मागच्या गॅलरीतून आरडाओरडा झाला. "सनसेट! अरे या लवकर, सनसेट!"

गर्दी धावली. डोंबिवलीचे गृहस्थ अर्ध्या वाटेत थांबले आणि माझ्याकडे वळले.

"सर, सूर्य पाठीमागे मावळतोय."

"काचेत प्रतिबिंब पडले असेल," मी म्हणालो.

"सर, सूर्य आहे हो तो! लालभडक आहे!"

"मग वरळी?" बाई म्हणाल्या.

गृहस्थांनी काचेपाशी परत येऊन पुलाकडे, टाक्यांकडे, क्रेनकडे पाहिले. मग फारच सौम्य आवाजात म्हणाले, "सर, आज वरळी शिवडीला आली आहे वाटतं."

लोक हसले. ते मला फारसे लागले नाही. लागले ते मामींकडे पाहून. त्या हसत नव्हत्या.

"म्हणजे ता माझा घर न्हय?"

"नाही, मामी. ते बहुधा काळाचौकीचे कुणाचे तरी."

"अरे देवा! त्या घरात माणसां रवतत मां? नांदत्या घराक निरोप दिलंय मी! मास्तरांनू, ह्या काय केलात!"

त्या पुन्हा काचेपाशी गेल्या, त्या अनोळखी निळ्या ताडपत्रीकडे तोंड करून हात जोडले आणि म्हणाल्या, "चूक झाली रे बाबांनो. माझी न्हय, मास्तरांची. तुमी सुखान नांदा." मग माझ्याकडे वळल्या. "ता पुसून टाका."

"मामी, फक्त अभ्यासासाठी..."

"ऱ्हवला तर त्या घराक लागतला. पुसा."

गाणे गाणारीचे असते, हा नियम मीच पुस्तकात लिहिला आहे. वीस माणसांच्या देखत मी बटण दाबले. यंत्राने विचारले, खरेच पुसायचे का? इतका क्रूर प्रश्न मला कुठल्या परीक्षकाने विचारला नव्हता.

आम्ही दुसऱ्या गॅलरीत गेलो. पहारेकऱ्याने हात आडवा घातला. "अंकल, स्लॉट ओव्हर झाला. खाली चला."

"दादा, पाच मिनटां," मामी म्हणाल्या. "माझा घर बघूक इलंय. करी रोडला."

तो थबकला. "करी रोड? आमची पण खोली होती तिकडं. या, मावशी, या. पण अंकल, तुम्ही काही दाखवू नका."

दाखवायची गरजच पडली नाही. मामींना आपले घर एका नजरेत सापडले. दाट रूळ, त्यांच्या अलीकडे लांबट कौलारू छप्पर, आणि त्याच्या कडेला पाने हलवणारा पिंपळ! मामी हसल्या. संध्याकाळभरात प्रथमच. मी यंत्र पुढे केले आणि श्वास रोखून उभा राहिलो. मामींचे ओठ हलत होते. बराच वेळ हलले. मग त्यांनी पदर नीट केला आणि म्हणाल्या, "चला."

"आणि गाणे?"

"म्हटलंय की. मनात. मोठ्यान म्हटलेला एकदा फुकट गेला. तुमच्या यंत्राक मनातला ऐकाक येणा नाय?"

खाली उतरताना लिफ्टमध्ये मी शेवटचा प्रयत्न केला. नुसते शब्द, चाल नको, गाणे नको, कागदावर दोन ओळी तरी? मामींनी माझी कीव केली असावी. माझ्या हातावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "रडतास कशाक? तुमी तुमचा दादरचा घर सोडशात तेवा माका बोलवा. तुमच्या बायकोक बाजूक उभी करून मी म्हणतंय. पुरा म्हणतंय. तुमी फक्त घर खयचा ता वळखून ठेवा."

आमच्या इमारतीच्या पुनर्विकासाचा प्रस्ताव सात वर्षे केवळ माझ्या एकट्याच्या विरोधामुळे अडून राहिला होता. जुन्या वास्तूंचे सांस्कृतिक मोल या विषयावर मी दर सभेत अर्धा तास बोलत असे आणि शेजारी माझ्याशी बोलत नसत. मागच्या रविवारी मी मुकाट्याने सही केली. सेक्रेटरींनी पेढे वाटले. हिला अजून खरे कारण कळलेले नाही. लिफ्ट हवी म्हणून, असे सांगितले आहे.