जिना घासणाऱ्याचं नाव

मुंबईतल्या त्या जुन्या, बड्या हॉटेलच्या दारात बाबांनी चपला काढल्या आणि मॅनेजर हसला.

"आजोबा, हे देऊळ नाही."

उभे होते ते पाहुणेही हसले. लाजेनं मीही हसले. ते माझं हसू मला अजून खातं.

बाबांनी तिथं तीस वर्षं सागवानी जिना घासला. नारळाच्या सोडणानं, तेल लावून, अनवाणी. चपलेत खडा अडकला तर लाकडावर ओरखडा उठतो म्हणून. घासायचा त्यांनी, पण वर जायचं मागच्या लोखंडी जिन्यानं.

हॉटेलच्या इतिहासाचं पुस्तक निघत होतं. बाबांकडे एक जुना फोटो होता. जिना, आणि खालच्या पायरीवर हातात सोडण घेतलेले बाबा. हॉटेलनं तो मागितला म्हणून रोह्याच्या कंपनीतली शिफ्ट बुडवून मी त्यांना घेऊन आले होते.

टेबलावर छापायची पानं होती. जिना कुणी बांधला, कुठले राजेसाहेब त्यावरून चढले, सगळं नावानिशी. बाबांच्या फोटोसाठी सोडलेल्या चौकटीखाली लिहिलं होतं, 'जिना आणि एक नोकर'.

"यांचं नाव घाला," मी म्हणाले.

"अहो, नोकरांची नावं कुठं घालत बसायची?" मॅनेजर म्हणाला.

बाबांनी माझा हात दाबला. "जाऊ दे गो. नावाचं काय करायचं हाय?"

मॅनेजरच्या हसण्यापेक्षा हे जास्त लागलं. तीस वर्षांत हॉटेलानं बाबांना एवढंच शिकवलं होतं. माझं डोकं फिरलं. टेबलावर ठेवलेला फोटो मी उचलला.

"फोटो मिळणार नाय."

दारात बाबांच्या चपला नव्हत्या. कुणीतरी पायानं कुंडीमागे ढकलल्या होत्या. मी त्या हातानं उचलून त्यांच्यापुढे ठेवल्या. चारचौघांत मी त्यांची शोभा केली, असं त्यांना वाटत होतं. अजून वाटतं.

आमच्या भागातली बरीच माणसं त्या हॉटेलात राबली. कुणी भांडी घासली, कुणी चादरी धुतल्या. आता सुटीच्या दिवशी मी वही घेऊन फिरते. पेणची रामवाडी, वरसे, आमचं निडी गाव. आधी नाव विचारते, मग काम.

परवा मॅनेजरचा फोन आला. "फोटो द्या, वडिलांचं नाव घालतो."

मी म्हटलं, "एक नाव नको. माझ्याकडे बावीस आहेत, अजून येतायत. सगळी घालणार असाल तर बोला."

त्यानं फोन ठेवला. रविवारी मी पुन्हा वरशाला गेले.