साहेबांच्या डोळ्यांवर बॅटरी

सिल्व्हासात नव्वदच्या आसपास साहेब नावाचा प्राणी उदंड होता. मुंबईहून, कोकणातून आलेली आमच्यासारखी नोकरदार कुटुंबं त्याच्याच कृपेवर जगायची. माझे बाबा तिथल्या एका सरकारी कचेरीत कारकून. साहेब शिंकले की बाबा रुमाल काढून स्वतःच्या नाकाला लावत. मला त्याची शिसारी यायची, अजूनही येते.

मी दहावीत होते. पुढे शास्त्र शाखा घ्यायची तर रोज बसने वापी गाठावी लागणार, कॉमर्स मात्र गावातच होतं. "वयात आलेली मुलगी रोज वापीला? काही नको," हे आईचं पालुपद. बाबांनी तोड काढली. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात पाहुण्या साहेबांनी माझं मॉडेल पहिलं काढलं तर वापी, नाहीतर मुकाट्याने कॉमर्स. दहा वर्षं शाळेत घातली, पण पोरीला डोकं आहे की नाही हे बाबांना साहेबाने येऊन सांगायचं होतं!

मी विषय घेतला फुटलेल्या ताऱ्याचा. काही वर्षांपूर्वी दक्षिणेच्या आकाशात एक तारा फुटला आणि पुढे त्याच्याभोवती उजेडाची वलयं दिसली, असं मी मासिकात वाचलं होतं. गोष्ट सोपी आहे. तारा फुटला की उजेड चहूकडे सुटतो. जो सरळ आपल्याकडे निघतो तो आधी पोचतो आणि संपतो. जो भलतीकडे जातो त्यातला थोडा वाटेत धुळीच्या ढगावर आपटतो आणि तिथून आपल्याकडे वळतो. वाट लांबची, म्हणून उशीर. तारा केव्हाच खलास झालेला असतो, पण त्याच स्फोटाचा उजेड पुन्हा हाती लागतो. त्याचे रंग वेगळे करून बघितले की तारा कोणत्या जातीचा होता, कसा फुटला, ते कळतं. पुढे शास्त्रज्ञांनी कित्येक शतकांपूर्वीचे स्फोटही असे गाठले. सगळी करामत धुळीची.

कारखान्यातलं सुताचं रिकामं खोकं मी आतून काळं केलं, समोर काच बसवली, वर भोक पाडलं. आत बॅटरी आडवी बांधली. पेटवली तरी काचेतून बघणाऱ्याला काळोखच दिसे. भोकातून पावडर फुंकली की उजेडाचा पट्टा लख्ख उमटायचा.

प्रदर्शनाच्या सकाळी जाऊन बघते तर खोकं आतून ओल्या फडक्याने पुसलेलं, पावडरचा डबा गायब. बॅटरी सोडून पुन्हा बांधली होती, काचेकडे तोंड करून! हे दिवे आमच्या मुख्याध्यापकांनी लावले होते. साहेब येणार म्हणून आदल्या दिवशी त्यांनी पायऱ्यांना गेरू फासला, कुंड्यांना चुना फासला, आणि तेवढ्यावर भागलं नाही म्हणून माझं खोकं धरलं.

"अगं, साहेबांना काय काळोख दाखवणार?" ते म्हणाले. "उजेड कसा समोरून दिसला पाहिजे. आणि केवढी ती धूळ आत! शाळेची अब्रू आहे की नाही?"

कपाळ माझं! मी दोरा सोडायला लागले तेवढ्यात साहेब टेबलाशी आलेच. काचेला नाक लावलं, मुख्याध्यापकांनी लगबगीने बटण दाबलं आणि बॅटरी थेट साहेबांच्या डोळ्यांवर.

"अरे, ये क्या है?" साहेब डोळे चोळत मागे सरले.

मी घाईघाईने बॅटरी आडवी केली. पावडर नव्हती, म्हणून फळ्याचा डस्टर आणून भोकावर आपटला. खडूची भुकटी आत उतरली आणि पट्टा उमटला. पण बघतो कोण? साहेब सफारी झटकत होते. "बेटा, सायन्स मतलब सफाई," ते म्हणाले. "मी तेच सांगत होतो तिला, साहेब," मुख्याध्यापकांनी री ओढली. पहिला नंबर थर्मोकोलच्या मधुबन धरणाला मिळाला. त्यात ना पाणी हलत होतं ना दार. वर एक बल्ब मात्र होता, तो साहेबांनी दोनदा लावून बघितला.

साहेबांची वरात पुढे गेल्यावर बाबा माझ्या टेबलाशी आले. वाकून काचेतून बघितलं, मी समजावलेलं नीट ऐकून घेतलं. डस्टर स्वतः आपटला, पुन्हा बघितलं, आणि हळूच म्हणाले, "म्हणजे हा उशिरा आलेला उजेड." मला वाटलं, सुटले बाई!

घरी येताना शेजारचे काका भेटले, तर बाबांनी त्यांना रस्त्यातच थांबवलं. "दुधनीकडे डोंगरात सुरुंग लावतात ना? आधी एक धडाम ऐकू येतं. मग समोरच्या डोंगरावरून तोच आवाज परत. सुरुंग संपला, पण आवाज त्याचाच. हिने तसंच दाखवलंय, उजेडाचं." हे उदाहरण मलासुद्धा सुचलं नव्हतं. काकांना एका दमात कळलं.

काका गेल्यावर मी विचारलं, "बाबा, मग वापी?"

बाबा म्हणाले, "अगं, मला पटलं. चांगलंच पटलं. पण साहेबांनी नाही निवडलं, तिथे मी कोण निवडणार?"

मुख्याध्यापक गाढव होते आणि साहेब दगड. गाढवावर काय रागवायचं आणि दगडावर तरी काय? पण बाबांना सगळं कळलं होतं. ते मी त्यांना कधीच माफ केलं नाही.

जूनमध्ये ते रजा टाकून माझ्याबरोबर कॉमर्सच्या रांगेत उभे राहिले. पुढच्या माणसाने सहज विचारलं, मुलगी हुशार आहे का? बाबांची कळी खुलली. खिडकी येईपर्यंत त्यांनी त्याला तो फुटलेला तारा समजावून सांगितला. एक शब्द चुकला नाही.