पोरीची बैठक

कल्याणच्या पियानोच्या बाईंचा फोन आला तेव्हा माझे हात पिठात होते. म्हणाल्या, "मुलीचा हात छान आहे, पण बैठक चुकतेय. ती सुधारली नाही तर दिवाळीनंतरच्या कार्यक्रमात तिला घेणार नाही." एवढं बोलून फोन बंद. पोरीचं तोंड एवढंसं झालं.

सासूबाई मात्र खूश! आमच्या कोनगावात बैठक म्हणजे एकच, रविवारची, निरूपणाची. "मी कवापासून सांगतंय, पोरीला बैठकीला धाड! त्या बाईला पन पटलं, तुलाच न्हाय." आता निरूपणाचा आणि पियानोचा काय संबंध? पण बाईंना उलट विचारायची माझी काय टाप! म्हटलं, मन स्थिर होत असेल. रविवारी दोघींना पाठवलं आणि बाईंना तसं कौतुकाने कळवलंसुद्धा.

बाई हसत सुटल्या. "अहो, बसायचं बाकडं म्हणतेय मी! प्लास्टिकच्या खुर्चीवर उशी घेऊन बसते ना ती? म्हणून मनगटं दुखतात. उंची कमी-जास्त होणारं, मजबूत बाकडं घ्या. कार्यक्रमालाही तेच आणा."

घ्या म्हणे! पूर्णा गावातल्या वाद्यांच्या गोडाऊनमध्ये गेले तर डोकंच गरगरलं. एकाचे पाय लोखंडी, घडीचे. एक हवेच्या दाबावर फुस्सकन वर जाणारं. एक लाकडी, बाजूला फिरवायच्या मुठी असलेलं. सेल्समन प्रत्येकाला हात लावून म्हणे, "मॅडम, ये लाइफटाइम है." सगळीच जन्मभर टिकणार, मग निवडू काय, कप्पाळ? शेवटी मीच एकेकावर बसून गदागदा हलले. माझं वजन पेललं की पोरीचं पेलेलच. घडीचं करकरलं, हवेचं हळूच खाली बसलं. लाकडी मुकाट उभं राहिलं. तेच आणलं. बाईंनी घरी येऊन उंची लावून दिली, मी तिथे नेलपॉलिशची खूण केली.

चार-पाच महिन्यांनी, कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी पुसायला घेतलं, तर बाकडं खुणेच्या चांगलं दोन बोटं खाली! उद्या स्टेजवर आणखी खचलं तर? लावला सेल्समनला फोन. "हेच का तुमचं लाइफटाइम? ये तो बैठ रहा है, भाऊ!"

"मॅडम, स्क्रू अपने आप नहीं उतरता."

मी आणखी आवाज चढवणार, तेवढ्यात पोरीने माझा पदर ओढला. "आई, ओरडू नको ना त्यांना. मीच खाली केलंय. बाईंनी सांगितलं."

"का पण? आणि उद्या घेणार ना तुला?"

"घेणार म्हणजे काय, पहिली मीच वाजवणार आहे. अगं, मी वाढले ना!"

फोनवर तो "हॅलो, हॅलो" करत होता. मला हसू येतंय की रडू, काही कळेना.